मोड, घडण आणि वारसा

जुने दागिने उसवून, त्यांचे तुकडे निराळ्या मांडणीत ओवून हाताने घडविलेले दागिने हा गेल्या काही वर्षांत शहरी अभिरुचीचा मोठा विषय झाला आहे. कुणाच्या पणजीची ठुशी, कुणाच्या आजीच्या पाटल्यांचे तुकडे, जुन्या बाजारातून आणलेली सरी, राणीछाप रुपया, चांदीचा टाक, कवड्या, काचमणी हे सारे एकत्र येते आणि त्याला 'विंटेज' असे नाव मिळते. प्रदर्शने भरतात, त्यांवर लेख येतात. या लेखांतून 'परंपरेचा गंध', 'आजीची माया', 'मातीशी नाते' असे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. दागिन्यांचे कौतुक होते. त्यांची समीक्षा होत नाही. समीक्षा करायची म्हणजे मूल्य ठरवायचे, आणि मूल्य ठरवायचे तर आधी विचारावे लागते की हा तुकडा कोणाच्या अंगावरून उतरला, आणि का उतरला.

हा प्रश्न मी विचारते आहे याला कारण आहे. आमच्या घरात माझ्यापूर्वी कुणी पदवी घेतली नव्हती, तसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एकही दागिना नव्हता. आजीच्या पत्र्याच्या पेटीतून माझ्या हाती आली ती एक चिठ्ठी. १९७२ च्या दुष्काळात तिने पायांतले चांदीचे वाळे गहाण ठेवले, त्याची ही चिठ्ठी. वाळे सुटले नाहीत. चिठ्ठी मात्र तिने मरेपर्यंत जपली. वारसा म्हणून आमच्याकडे आली ती वस्तू गेल्याची नोंद. मी एकटीच अशी आहे असे नाही. या पानांच्या पुष्कळ वाचकांच्या घरी अशी एखादी चिठ्ठी असेल, किंवा चिठ्ठीही नसेल. तेव्हा वारसा म्हणजे जपलेला दागिना, हे गृहीत धरून जे सौंदर्यशास्त्र उभे राहते, ते आपल्याला बाहेर ठेवूनच उभे राहते.

२

प्रथम व्यवहार पाहू. सराफाच्या दुकानात जुना दागिना विकायला नेला की त्याला 'मोड' म्हणतात. मोडीचा हिशोब साधा आहे. वजन होते, कस पाहतात, डाग दिलेल्या जागी टाक्याची हलकी धातू असते म्हणून घट धरतात, पोकळ मण्यांत लाख भरलेली असेल तर ती वजा करतात. उरते ती निव्वळ धातू. ज्या कारागिराने तारा ओढल्या, जाळी विणली, ठसे उठविले, त्याच्या मजुरीची किंमत मोडीत शून्य होते. ज्या बाईने ते चाळीस वर्षे अंगावर वागविले, तिच्या त्या वर्षांची किंमतही शून्य होते. गरीब बाई दागिना विकते तेव्हा तिच्याजवळ घासाघीस करायला वेळ नसतो. घरात आजारी माणूस असते, पेरणी तोंडावर असते किंवा पोराची फी भरायची असते.

हाच दागिना मोडीच्या मुशीत न जाता मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून एखाद्या दुकानात पोचला, की हिशोब उलटतो. आता वजन कुणी विचारत नाही. मोडीत जे शून्य होते तेच विक्रीला येते: घडण, झीज, जुनेपणा, कुण्या अनामिक बाईच्या अंगावर तो राहिल्याची ऊब. चांदीला हवेतील गंधकाने जो काळेपणा येतो, तो नव्या चांदीला गंधकाचे पाणी देऊन मुद्दाम आणतात, म्हणजे ती जुनी दिसावी. ज्या बाईने ते काळेपण रिठ्याने आणि चिंचेने घासून घालविण्यात आयुष्य काढले, तिने हे पाहिले तर काय म्हणेल? तिला मिळाले ते धातूचे मोल. तिच्या आठवणीचे मोल दुसऱ्याला मिळाले. वारशाच्या नावाने चाललेल्या या व्यवहारातील शोषण नेमके येथे आहे. ते समीक्षकाच्या नजरेला दिसत नाही, कारण तो काचेच्या पेटीतल्या वस्तूकडे पाहतो आणि ती वस्तू पेटीपर्यंत ज्या वाटेने आली त्या वाटेकडे पाहत नाही.

सगळीकडे असेच घडते असे मी म्हणत नाही. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बाया आपल्या समाजाच्या घडणीचे दागिने स्वतः मांडून बसतात, स्वतः भाव सांगतात. तिथेही नड असते. पण निदान जिच्या वस्तूची गोष्ट विकली जाते ती बाई समोर बसलेली असते, आणि तिला 'नाही' म्हणता येते.

३

आता मूल्याच्या प्रश्नाकडे येऊ. मी महाविद्यालयात मराठी शिकविते. दरवर्षी मला अलंकार शिकवावे लागतात. भामहापासून मम्मटापर्यंतची नावे सांगावी लागतात. काव्याच्या शरीराला शोभा आणतात ते अलंकार, अशी व्याख्या फळ्यावर लिहावी लागते. 'अलंकार' हा एकच शब्द दागिन्याला आणि काव्यगुणाला वापरला जातो, याचे मुलांना नवल वाटते. पण याच शब्दाचा तिसरा एक उपयोग आहे आणि तो अभ्यासक्रमात नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसे राहावे ते सांगितले आहे. त्यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, आणि त्यांचे अलंकार लोखंडाचे असावेत. तिथेही शब्द 'अलंकार' हाच आहे. काव्यशास्त्रात जो शब्द शोभेसाठी येतो, तो धर्मशास्त्रात ओळखीच्या खुणेसाठी येतो. गुराच्या पाठीवर डाग देतात तसा माणसाच्या अंगावर अलंकार दिला.

हे केवळ पोथीत राहिले असेही नाही. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातील बलाई या अस्पृश्य जातीवर तेथील सवर्ण हिंदूंनी जे नियम लादले, ते बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविले आहेत. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हा त्यांतील एक नियम होता. १९३० साली तामिळ मुलखातील रामनाड भागात कल्लरांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. त्यांतही सोन्याचांदीच्या दागिन्यांची बंदी होती. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावी अस्पृश्यांच्या बऱ्या स्थितीतील घरांतल्या बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. म्हणजे कोणत्या माणसाच्या अंगाला कोणती धातू लागावी, हे या देशात जात ठरवीत आली. 'परंपरेचा गंध' असे आपण म्हणतो तेव्हा त्या गंधात हेही आहे.

म्हणून आपल्या बाजूला दागिन्यांची एक वेगळीच परंपरा तयार झाली. ती दागिना टाकून देण्याची परंपरा आहे. केरळात पुलया स्त्रियांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. ती त्यांच्या हीनत्वाची खूण होती. १९१५ साली कोल्लमजवळच्या पेरिनाड भागात यावरून संघर्ष पेटला आणि अय्यनकाळींच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत त्या स्त्रियांनी माळा तोडून त्यांचा ढीग घातला. त्यानंतर बारा वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जळाली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ओझे आणि हातांत कोपरापर्यंत चढविलेले कथलाचे वा चांदीचे गोठ ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. अंगाला शोभा स्वच्छ कपड्याने येते, असा त्या सांगण्याचा आशय होता. स्त्रियांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. लोखंडी अलंकाराचा नियम ज्या ग्रंथात होता तो ग्रंथ आणि त्या नियमाच्या खुणा या दोन्हींचा त्याग एकाच परिषदेत झाला. या योगायोगाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. नकाराचे साहित्य आपण १९६० नंतर मोजतो. नकाराची पहिली अक्षरे आपल्या बायांनी आपल्या अंगावर लिहिली होती.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वडीलधाऱ्यांनी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक नदीत सोडले, हे आपण सर्वांनी घरी ऐकलेले आहे. आज तसलेच टाक कडी लावून गळ्यातले पदक म्हणून विकले जातात. जे एकाने बंधन म्हणून बुडविले, ते दुसरा सौंदर्य म्हणून गळ्यात घालतो. पोतराजाच्या, आराध्याच्या गळ्यातली कवडी आता कर्णफुलात असते. घालणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ठाऊकच नसते. पण समीक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

४

इथवर माझी भूमिका सरळ होती. तिला धक्का दिला तो माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थिनीने.

महाविद्यालयातल्या एका हस्तकला-प्रदर्शनात तिने एक माळ ठेवली होती. आजीच्या रुपयांच्या माळेतले उरलेले तीन रुपये तिने जाड सुती गोफात ओवले होते. एकावर राणी, दोहोंवर राजा. प्रत्येकाला जुनी डागलेली कडी तशीच. पण रुपये सारख्या अंतरावर नव्हते. मध्ये मध्ये मोकळा दोरा सोडलेला, आणि त्या मोकळ्या दोऱ्यावर गाठी. एकूण आठ गाठी. परीक्षकांनी शेरा दिला की कल्पना चांगली आहे, वारशाची जाण आहे, पण ओवणीला तोल नाही. मध्ये मणी भरले असते तर माळ उठून दिसली असती.

मी तिला बाजूला घेतले. परीक्षकांपेक्षा मी कठोर बोलले. म्हणाले, "महाडला काय घडले ते तुला मी वर्गात शिकविले. आपल्या बायांनी जे टाकून दिले ते तू पुन्हा गळ्यात का घालतेस?"

ती म्हणाली, "मॅडम, हे टाकलेल्यातलं नाही. तुम्ही एकदा आजीला विचारा."

मी गेले. आजी ऐंशीच्या पुढची. खाटेवर बसून तिने माळ हातात घेतली आणि गाठी मोजीत बोलू लागली. तिचे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. त्याआधी घरात येई ते बलुत्याचे धान्य आणि मागून आणलेली भाकरी. रोकड रुपया घरात नव्हता. तिच्या आईने हातांतले कथलाचे गोठ काढून विहिरीत टाकले, आणि पगार सुरू झाल्यावर दर काही महिन्यांनी एक रुपया बाजूला काढून अकरा रुपयांची माळ केली. सोन्याची ऐपत नव्हती. "बाई, ही माळ महारकीची न्हाई. ही पगाराची हाय," आजी म्हणाली.

मग गाठी. पहिला रुपया १९५६ साली गेला, दीक्षेला नागपूरला जायच्या गाडीभाड्यासाठी. तो तिच्या आईनेच काढला. आजीचे लग्न मराठवाड्यात झाले आणि माळ तिच्याबरोबर आली. तीन रुपये १९७२ च्या दुष्काळात गेले. दोन १९७८ साली, नामांतराच्या दंगलीत घर जळाले तेव्हा. एक मुलाच्या दहावीच्या फॉर्मसाठी; तो मुलगा म्हणजे या विद्यार्थिनीचे वडील. आठवा कुठे गेला ते आजीला आठवत नाही. नातीने त्याचीही गाठ मारली आहे.

मी परत येताना खाली मान घालून आले. बाबासाहेबांचे म्हणणे मी नियमासारखे पाठ केले होते. खुणा टाका, असे ते म्हणाले होते. त्या माउलीने खुणा टाकल्या आणि त्या जागी स्वतःच्या घरच्या कमाईची माळ घातली. रुपयाची ती माळ म्हणजे गावकीतून सुटल्याची पावती होती. महार वतने कायद्याने गेली १९५८ च्या कायद्यानंतर. त्या घराने वतनाकडे पाठ त्याच्या वीस वर्षे आधी फिरविली होती, आणि त्याचा पुरावा गळ्यात होता. मी मात्र दागिना दिसला की गुलामी, असा हिशोब केला. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत आपल्या चळवळीत हा हिशोब फार सोपेपणाने केला जातो. काय टाकायचे ते बाईला सांगणारे पुष्कळ असतात; तिने काय ठेवले आणि का ठेवले, हे विचारणारे थोडे.

५

त्या माळेवरच्या परीक्षकांच्या शेऱ्याकडे आता पुन्हा पाहू. ओवणीला तोल नाही, असे ते म्हणाले. मणी भरले असते तर तोल आला असता, हे खरे. पण मग आठ रुपये कधी नव्हतेच असे झाले असते. तीन रुपयांचे शोभिवंत पदक झाले असते आणि त्याला कुणीही 'आजीची माया' म्हटले असते. मोकळ्या जागा ठेवल्या म्हणून त्या माळेत १९५६ आहे, १९७२ आहे, १९७८ आहे. ब्रिटिश अमदानीतला हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९४० पर्यंत त्यात सुमारे ९२ टक्के चांदी असे, पुढे ती निम्म्यावर आली. तीन रुपयांच्या चांदीची किंमत कोणताही सराफ दोन मिनिटांत सांगेल. गाठींची किंमत मात्र मोडीच्या हिशोबात नाही आणि 'विंटेज'च्या हिशोबातही नाही. मोडीला धातू पाहिजे, विंटेजला जुनेपणा पाहिजे. गेलेल्या वस्तूचा हिशोब दोघांनाही नको आहे.

यातून मला एक कसोटी सुचते. जुन्या तुकड्यांतून नवा दागिना करताना घडविणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. हा तुकडा कोणाच्या अंगावर होता? तो तिच्या अंगावरून कसा उतरला: हौसेने दिला, नडीपायी विकला, की अपमान म्हणून फेकला? आणि नव्या घडणीत हे दिसते की झाकले जाते? ज्या दागिन्यात ते झाकले जाते तो कितीही नाजूक असो, त्याचे सौंदर्य उसने आहे. ज्यात ते दिसते त्याची ओवणी वाकडी असली तरी तो खरा.

दलित साहित्याला हीच कसोटी लागते, असे मला वाटते. अलंकार नाहीत, बांधीव रचना नाही, मध्येच तुटते, असे आक्षेप आपल्या आत्मकथनांवर फार घेतले गेले. पण ज्यांच्या आयुष्यात सलग वारसा नाही त्यांनी सलग गोष्ट कुठून आणावी? बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' असो की ऊर्मिला पवार यांचे 'आयदान', यांतील निवेदन तुकड्यांनी येते. 'आयदान' हे नावच आईच्या बांबूकामावरून आले आहे. विणणाऱ्या हातांचा वारसा लेकीने लिहिण्यात घेतला. तिथे वस्तू आली नाही, घडण आली. त्या तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा मणी घालून भरण्याचा मोह लेखकालाही होतो, आणि संपादकाला, अनुवादकाला तर फारच होतो. तो टाळला पाहिजे. ज्या ठिकाणी आठवत नाही, तिथे आठवत नाही अशी गाठ मारावी. गाठ म्हणजे उणीव नव्हे. पटवेकरी दागिना 'गाठवून' देतो असे आपण म्हणतो. माळ धरून ठेवते ती गाठच.

या पानांचे वाचक म्हणजे कार्यकर्ते, विद्यार्थी आणि माझ्यासारखे शिक्षक. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या पेट्यांत काय आहे ते पाहाच. पण त्यांच्या पेट्यांत काय नाही, तेही विचारा. कोणता दागिना होता, किती वजनाचा होता, कोणत्या साली गेला, कशापायी गेला, हे लिहून ठेवा. गावोगावच्या अशा याद्या एकत्र आल्या तर दुष्काळाचा, दंगलींचा, शिक्षणाचा आणि धर्मांतराचा एक इतिहास त्यांतून उभा राहील, जो कोणत्याही दप्तरात नाही. आणि ज्यांना घडविण्याचा हात आहे, त्यांनी जरूर घडवावे. त्यांनी आपले जुने रुपये आणि तुटक्या सऱ्या मोडीत घालू नयेत, आणि बाजाराला पाहिजे म्हणून चकचकीतही करू नयेत.

आजीची ती चिठ्ठी मी इतकी वर्षे पुस्तकात ठेवली होती. आता ती काढून त्यामागे माझ्या हाताने लिहिले आहे: वाळे, एक जोड, चांदीचे, १९७२. घरातल्या पुढच्या मुलीला द्यायला माझ्याकडे एवढे आहे.